पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याला हा अल्बम आवडतो हे एकदा लोकांना कळलं की तेच ते प्रश्न येत राहतात. कॉलेजातला भाचा विचारतो, दरवर्षी न चुकता सवाईला जाणारे काका विचारतात, ऑफिसात टी-शर्टवरचा तो त्रिकोण बघून कुणी विचारतं. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, क्रमात फार शहाणपण शोधू नका.

पिंक फ्लॉइड हा कोण गायक?

गायक नाही, बँड आहे. लंडनमध्ये १९६५ साली जमलेला. सिड बॅरेट या त्यांच्या पहिल्या गायक-गिटारवाल्यानं पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज कलावंतांची नावं जोडून हे नाव केलं. पण १९६८ पर्यंत सिडचं मन ताळ्यावर राहिनासं झालं आणि तो बँडच्या बाहेर गेला. हा अल्बम केला तेव्हा चौघं होते: रॉजर वॉटर्स (बास आणि सगळे शब्द), डेव्हिड गिल्मर (गिटार आणि बहुतेक गायन), रिचर्ड राइट (पियानो, ऑर्गन वगैरे) आणि निक मेसन (ड्रम). अल्बम मार्च १९७३ मध्ये आला.

अल्बम चंद्राबद्दल आहे का? अंतराळ वगैरे?

नाही. हा गैरसमज त्यांच्या आधीच्या संगीतामुळे पसरला, कारण सुरुवातीच्या काळात त्यांना ‘स्पेस रॉक’वाले म्हणायचे आणि वॉटर्सला त्या शिक्क्याचा वैताग होता. १९७१ च्या अखेरीस लंडनच्या कॅम्डन भागात निक मेसनच्या घरी चौघं बसले होते. तिथे वॉटर्सनं मांडलं की माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टींवर एकच सलग काम करू. मग यादी निघाली: वेळ निघून जाणं, पैसा, सततचा प्रवास, मरणाची भीती, आपण-विरुद्ध-ते अशी भांडणं आणि युद्धं, आणि शेवटी डोकं फिरणं. चौघंही तिशीच्या अलीकडचे. सगळं साधं, तुमच्याआमच्या घरातलं. यातला एकही विषय असा नाही की जो संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये कुणाच्या तरी डोक्यात चालू नसेल.

मग नावात चंद्र कसा? इंग्रजीत वेडा या अर्थाचा एक शब्द चंद्राच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. आपल्याकडे पत्रिका बघणारे चंद्राला मनाचा कारक म्हणतात, तसंच काहीसं. चंद्राची अंधारी बाजू म्हणजे मनाची न दिसणारी बाजू. एवढाच संबंध.

मला विचाराल तर अल्बमचा गाभा ‘टाइम’ या गाण्यात आहे. वॉटर्सनं नंतर सांगितलं आहे की लहानपणापासून त्याची समजूत होती, आपली तयारी चालू आहे, खरं आयुष्य पुढे सुरू होईल. आणि अठ्ठावीस-एकोणतीसच्या वयात एक दिवस अचानक लक्षात आलं की ते केव्हाच सुरू झालंय. शाळा झाली की कॉलेज, कॉलेज झालं की नोकरी, नोकरी लागली की ‘सेटल’ होणं, असं करत आपल्याकडेही माणूस चाळिशीला पोचतो. विसाव्या वर्षी मला या गाण्यातली गिटार आवडायची. आता शब्द ऐकू येतात आणि जरा अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणजे हा सिड बॅरेटवरचा अल्बम म्हणायचा का?

पूर्ण नाही. ‘ब्रेन डॅमेज’ या गाण्यामागे सिड आहे हे वॉटर्सनं कधी लपवलं नाही. सिडला ढासळताना या चौघांनी जवळून बघितलं होतं, त्यामुळे ‘वेड’ हा त्यांच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता. पण अल्बमचा रोख पुढे जातो: जे आपल्या मित्राचं झालं ते आपलंही होऊ शकतं. केवळ सिडवरचं दुःख ऐकायचं असेल तर त्यांचा १९७५ चा पुढचा अल्बम ऐका.

आधी रेकॉर्डिंग झालं की आधी कार्यक्रम?

आधी कार्यक्रम, आणि मला वाटतं निम्मं यश यातच आहे. रेकॉर्डिंगला हात घालायच्या चार महिने आधी, २० जानेवारी १९७२ रोजी, ब्रायटनच्या डोम सभागृहात त्यांनी हे काम पहिल्यांदा वाजवायला घेतलं. पूर्ण झालंच नाही. ‘मनी’ चालू असताना यंत्रणेनं दगा दिला आणि थांबावं लागलं. पुढच्या महिन्यात लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर झालं, आणि मग वर्षभर ते गावोगाव वाजवत फिरले.

मराठी नाटकवाल्यांना याचं महत्त्व सांगायला नको. तालमीत बरा वाटलेला प्रवेश पंचविसाव्या प्रयोगापर्यंत टिकत नाही, आणि लेखकाला जे कळत नाही ते प्रेक्षकांच्या खोकण्यावरून कळतं. इथे तेच झालं. आज ‘ऑन द रन’ म्हणून जे ऐकू येतं त्या जागी तेव्हा गिटार आणि कीबोर्डची एक जुगलबंदी असायची, प्रवासावरची, ती गळली. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गन आणि त्यावर बायबलमधल्या उताऱ्यांचं वाचन, धार्मिक भाषणांचे तुकडे असायचे. तेही गळलं. शेवटचं ‘इक्लिप्स’ तर सुरुवातीला नव्हतंच; प्रयोग करताकरता शेवट अपुरा वाटला म्हणून वॉटर्सनं ते नंतर लिहिलं.

तोटाही झाला. रेनबोच्या कार्यक्रमाचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण खरा अल्बम यायच्या कितीतरी आधी बाजारात विकलं जात होतं.

नाव मध्येच बदललं होतं म्हणतात?

हो. मेडिसिन हेड नावाच्या दुसऱ्या एका ब्रिटिश बँडनं १९७२ मध्ये याच नावाचा अल्बम काढला. मग यांनी आपल्या कामाला काही काळ ‘इक्लिप्स’ म्हटलं. त्यांचा अल्बम चालला नाही आणि यांनी जुनं नाव परत घेतलं.

रेकॉर्डिंग कुठे आणि किती दिवस चाललं?

लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत, १९७२ च्या मे अखेरीपासून १९७३ च्या सुरुवातीपर्यंत. पण सलग नाही. मध्ये दौरे होते, एका फ्रेंच चित्रपटाचं संगीतही त्याच वर्षी केलं. शिवाय टीव्हीवर मॉन्टी पायथनचा विनोदी कार्यक्रम किंवा फुटबॉलचा सामना असला की काम बंद. (पुढे त्या विनोदी मंडळींच्या चित्रपटाला पैसे देणाऱ्यांत पिंक फ्लॉइड होते, म्हणजे ते तास वाया गेले असं म्हणता येत नाही.)

ध्वनिमुद्रक होता ॲलन पार्सन्स, विशीतला पोरगा, आठवड्याला ३५ पौंड पगारावर. या अल्बममध्ये जे कानाला सुख वाटतं त्यात त्याचा वाटा मोठा आहे. मिक्सिंगच्या वेळी गिल्मर आणि वॉटर्सचं जमेना. गिल्मरला गाणी घुमारेदार, गुंजणारी हवी होती आणि बोलण्याचे तुकडे मागे दबलेले. वॉटर्सला सगळं कोरडं, स्पष्ट आणि बोलणं पुढे. शेवटी ख्रिस थॉमसला तिऱ्हाईत पंच म्हणून बोलावलं. आज ऐकताना दोघांचंही थोडं थोडं चाललेलं दिसतं, आणि तेच बरं झालं. नंतरच्या वर्षांत यातल्या एकाचंच चालायला लागलं तेव्हा बँड फुटला.

‘मनी’च्या सुरुवातीला गल्ला वाजतो तो खरा आहे का?

खरा आहे, आणि कसा केला ते ऐकण्यासारखं आहे. तेव्हा आवाज साठवून बटण दाबलं की वाजवणारं यंत्र स्टुडिओत नव्हतं. वॉटर्सनं घरी नाणी एका मोठ्या वाडग्यात फेकून आवाज टेपवर घेतला. त्याची तेव्हाची बायको मातीची भांडी करायची, तिचा तो वाडगा. त्याला कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटी असे आवाज जोडले. मग प्रत्येक आवाजाची टेप फूटपट्टीनं मोजून सारख्या लांबीची कापायची, चिकटपट्टीनं एकामागे एक जोडायची आणि शेवटचं टोक पहिल्याला चिकटवून टेपचं कडं करायचं. असं कडं यंत्रात बसत नाही, म्हणून ते बाहेर काढून माइकच्या स्टँडभोवती ताणून फिरवायचं. एक तुकडा जरा लांब झाला की ताल गेला.

म्हणजे टेपचा हा भाग शिवणकामाच्या जास्त जवळचा आहे. मोजा, कापा, जोडा, उसवा, परत जोडा.

तबला शिकतो, म्हणून विचारतो: ‘मनी’ रूपकात आहे का?

सात मात्रा आहेत, बरोबर ओळखलंत. पण रूपक म्हणू नका. तीन-दोन-दोन असे खंड, समेवरच खाली, हा विचार तिथे नाही. बासची एक ओळ सात मात्रांत फिरते आणि बाकीचे तिच्यावर चढतात. टाळी देत ऐकलंत तर गंमत कळेल. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि गिटारचा एकल भाग आला की ताल चक्क चारात जातो, वेगही वाढतो. गिटार संपली की परत सात. सात मात्रांचं गाणं रेडिओवर चालवून दाखवणं सोपं नाही. अमेरिकेत ते १९७३ मध्ये स्वतंत्र निघालं आणि १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

‘टाइम’मधली घड्याळं?

ती पार्सन्सची. जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन त्यानं एकेक घड्याळ वेगळं टेपवर घेतलं होतं, चार दिशांनी येणाऱ्या आवाजाचं प्रात्यक्षिक म्हणून, या अल्बमसाठी नव्हे. सगळी एकदम ठणाणतात ती स्टुडिओत जुळवलेली. नंतर टिकटिक येते ती मात्र घड्याळाची नाही, बास गिटारच्या दाबलेल्या तारांची आहे. त्यावर निक मेसन रोटोटॉम नावाचे ड्रम वाजवतो. ते फिरवले की सूर बदलतो, म्हणून तो भाग ताशापेक्षा गाण्यासारखा वाटतो.

आणि ‘ऑन द रन’? तेव्हा कॉम्प्युटर होता?

नव्हता. लंडनच्याच ईएमएस कंपनीचा सिंथी एकेएस नावाचा, पेटीत मावणारा सिंथेसायझर होता. त्यात आठ स्वर हळू भरले आणि भरधाव पळवले. विमानतळावरची घोषणा, धावणारी पावलं वरून घातली. ही पावलं स्टुडिओतल्या एका मदतनिसाची, तो तिथेच पळत होता. विषय प्रवासाची, विशेषतः विमानाची धास्ती. राइटला ती फार होती.

‘ग्रेट गिग’मध्ये ती बाई काय गाते? शब्द कुठे मिळतील?

मिळणार नाहीत, कारण शब्द नाहीतच. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात आवडतोही.

राइटनं मरणावरची एक पियानोची रचना केली होती. अल्बम जवळपास संपत आला तरी त्यावर काय घालायचं ते ठरेना. पार्सन्सनं क्लेअर टॉरी या गायिकेचं नाव सुचवलं. ती स्टुडिओंत हाकेसरशी जाऊन गाणारी, पंचविशीतली, पिंक फ्लॉइडची फारशी चाहती नव्हे. रविवार, २१ जानेवारी १९७३ रोजी ती आली. तिला सांगितलं: विषय मरण, शब्द नकोत. तिनं सुरुवातीला नेहमीच्या पॉप गाण्यातल्या जागा घेऊन बघितल्या. ते नको म्हणाले. मग तिनं ठरवलं की आपण गायिका नाही, वाद्य आहोत. दोन-तीन वेळा गायली. थोड्या तासांचं काम. ‘जरा जास्तच झालं’ म्हणून ओशाळून तिनं माफी मागितली आणि घरी गेली. बँडवाले आनंद चेहऱ्यावर दाखवणाऱ्यांतले नव्हते, त्यामुळे तिला वाटलं, हे काही वापरणार नाहीत. वापरलंय हे तिला दुकानात अल्बमवर आपलं नाव दिसल्यावर कळलं.

बिदागी ३० पौंड. रविवार म्हणून दुप्पट, बरं का.

ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात काय घडलंय ते पटकन समजतं. लिहून दिलेली चाल नव्हती, राइटच्या पियानोच्या चौकटीत तिनं जागच्या जागी स्वर रचले. मग रचना कुणाची? ३० वर्षांनी, २००४ मध्ये, ती कोर्टात गेली. २००५ मध्ये कोर्टाबाहेर समेट झाला आणि तेव्हापासून या गाण्याखाली राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. उशीर झाला, पण झालं ते योग्यच झालं असं माझं मत आहे. आमच्या काकांचं मत आहे की बंदिश ज्याची त्याची आणि आलाप ज्याचा त्याचा, त्यात कोर्ट कशाला. त्यावर आमचं एकदा जेवण थंड झालं होतं.

मधूनमधून बोलणारी, हसणारी माणसं कोण?

वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत जो सापडेल त्याला बसवलं. सुरुवात सोपी, आवडता रंग कोणता, आवडतं खाणं कोणतं अशी. मग हळूहळू: शेवटचा हात कधी उगारलास? तेव्हा तुझं बरोबर होतं का? मरणाची भीती वाटते का? माणूस पहिल्या दोन प्रश्नांना सैलावतो आणि तिसऱ्याला बेसावध सापडतो.

उत्तरं देणारे होते बँडचं सामान वाहणारे, त्यांच्या घरचे, आणि शेजारच्या स्टुडिओत काम करणारे कलावंत. वेड्यासारखं हसणारा पीटर वॉट्स हा त्यांचा रोड मॅनेजर. अभिनेत्री नेओमी वॉट्सचा बाप. विंग्ज बँडचा गिटारवाला हेन्री मॅकलॉही आहे. त्याला भांडणाबद्दल विचारलं तर त्यानं सरळ सांगून टाकलं की तेव्हा आपण फार प्यायलेलो होतो. खुद्द बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा यांनाही विचारलं होतं. त्यांची उत्तरं वापरली नाहीत. ते जपून, सजवून बोलले.

बाजी मारली जेरी ओ’ड्रिस्कॉल या स्टुडिओच्या आयरिश दरवानानं. ‘ग्रेट गिग’च्या सुरुवातीला, मरायला मी भीत नाही, केव्हाही आलं तरी चालेल, असं सहज सांगणारा आवाज त्याचा. आणि अगदी शेवटी, ठोके विरताना, चंद्राला अंधारी बाजू अशी नाहीच, खरं म्हणजे तो सगळाच अंधारा आहे, असं बोलणाराही तोच. वर्षभर घासूनपुसून केलेल्या अल्बमचा शेवटचा शब्द दरवानाचा. जगातला सर्वात प्रसिद्ध पॉप गायक बाहेर आणि दारावरचा माणूस आत, ही निवड मला या अल्बमची खरी ओळख वाटते.

सुरुवातीचे आणि शेवटचे हृदयाचे ठोके कुणाचे?

ड्रमचे. मोठ्या ड्रमला आतून कापड भरून मऊ केलेला आवाज. पहिला तुकडा, ‘स्पीक टू मी’, हा पुढे येणाऱ्या गाण्यांतल्या आवाजांची गोधडी आहे आणि तो निक मेसनच्या नावावर आहे. त्यावरून वॉटर्सनं पुढे कुरकुर केली. असो.

‘अस अँड देम’ चित्रपटातून आलं ना?

चित्रपटातून वगळल्यामुळे आलं. मायकेलअँजेलो अँतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’साठी राइटनं पियानोवर ही चाल केली होती, हाणामारीच्या दृश्यासाठी. दंगलीवर शांत पियानो, अशी कल्पना. दिग्दर्शकाला ती सुंदर पण फार उदास, चर्चसारखी वाटली आणि त्यानं नाकारली. दोन वर्षांनी तिच्यावर युद्धाचे शब्द बसले. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले तेव्हा तो पाच महिन्यांचा होता, हे माहीत असलं की गाणं वेगळं ऐकू येतं.

राइटबद्दल इथेच सांगतो, कारण त्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही. जॅझ ऐकणारा माणूस. ‘ब्रीद’मध्ये ओळीच्या शेवटी एक तिरका, न अपेक्षिलेला स्वरमेळ येतो, तो आपण माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून उचलला हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे. शब्द वॉटर्सचे, गिटार गिल्मरची, पण अल्बममधली हवा राइटची. २००८ मध्ये तो गेला.

कव्हरवरचा त्रिकोण म्हणजे काय? आणि इंद्रधनुष्यात सहाच रंग का?

त्रिकोण म्हणजे लोलक, शाळेच्या प्रयोगशाळेतला. काम हिपग्नोसिस या मंडळींचं, म्हणजे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल. रेखाटन जॉर्ज हार्डीचं. राइटनं मागणी केली होती की या वेळी काहीतरी साधं, नेटकं करा. त्यांनी बरीच चित्रं आणली, चौघांनी काही मिनिटांत एकमतानं हे उचललं. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. आत उघडलं की रंगांची रेघ हृदयाच्या ठोक्यांसारखी वरखाली होते आणि मागच्या बाजूला परत लोलकात शिरते.

आता ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून बघा. ‘पा’ गळलेला आहे. पारवा घातला असता तर निळ्या-जांभळ्याच्या मध्ये तो वेगळा उठून दिसला नसता. यामागे गूढ संदेश शोधणारे भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

‘विझार्ड ऑफ ऑझ’ चित्रपटावर हा अल्बम तंतोतंत बसतो, खरं का?

तुम्ही काय प्यायला आहात त्यावर अवलंबून. ही टूम १९९० च्या दशकात निघाली: १९३९ च्या त्या चित्रपटाचा आवाज बंद करायचा, सुरुवातीला सिंहाची तिसरी डरकाळी झाली की अल्बम लावायचा. काही जागा जुळतात, कारण आपला मेंदू जुळवायलाच बसलेला असतो. बँडनं आणि पार्सन्सनं साफ नाकारलं आहे. शिवाय त्या काळी स्टुडिओत चित्रपट लावून, मागेपुढे करून सूर जुळवत बसायची सोय कुठे होती? मी एकदा रात्रभर हा उद्योग केला आहे, हेही कबूल करतो.

नशेत बनवलेला अल्बम आहे का?

फूटपट्टीनं टेप कापण्याबद्दल वर वाचलंत ना?

भारताशी काही संबंध?

चांगलाच आहे. अमेरिकेत तोवर पिंक फ्लॉइडचा एकही अल्बम पहिल्या चाळिसांत गेला नव्हता. तिथली त्यांची कंपनी कॅपिटल रेकॉर्ड्स, आणि १९७१ पासून तिचे प्रमुख होते भास्कर मेनन. मूळचे तिरुअनंतपुरमचे, डून स्कूल आणि सेंट स्टीफन्समध्ये शिकलेले, मग ऑक्सफर्ड. त्याआधी ते ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख होते. म्हणजे ज्या कुत्र्याच्या तबकड्यांवर आपल्या आजी-आजोबांनी नाट्यगीतं ऐकली, त्या कंपनीतून गेलेला माणूस. बँड कॅपिटलला सोडून दुसऱ्या कंपनीकडे निघालेला असताना मेनन यांनी या अल्बमच्या मागे कंपनीची सगळी ताकद लावली, रेडिओ आणि दुकानं पिंजून काढली. एप्रिल १९७३ मध्ये तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. मेनन २०२१ मध्ये गेले तेव्हा आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांना त्यांचं नाव माहीत होतं, असा प्रश्न मला पडला होता.

दुसरा संबंध जवळचा. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्सनं मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला.

खप किती?

साडेचार कोटींच्या आसपास प्रती, असा अंदाज दिला जातो. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा राहिला, ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या वर गेलाच नाही. पण १९७३ ते १९८८ दरम्यान अमेरिकेच्या पहिल्या दोनशेच्या यादीत ७४१ आठवडे होता.

सलगच ऐकायचा का? एकेक गाणं चालणार नाही?

चालेल, पण गाणी एकमेकांत ओवलेली आहेत; एक तोडलं की दुसऱ्याचं शेपूट हातात येतं. एकूण ४३ मिनिटांचा मामला आहे, एका मराठी मालिकेच्या जाहिरातींसकट भागापेक्षा थोडा जास्त.

मात्र ‘सलग’ म्हणजे अगदी सलग नाही. एलपीला दोन बाजू. पहिली ‘ग्रेट गिग’वर संपते, दुसरी ‘मनी’नं सुरू होते. माझी ओळख कॅसेटवर झाली. तो स्वर विरत जायचा, मग नुसती टेपची सरसर, मग खट्. उठायचं, कॅसेट उलटी करायची, बटण दाबायचं, की नाणी खळखळणार. मरण, शांतता, पैसा. मोबाइलवर हे दोन तुकडे एकमेकांना चिकटून येतात आणि मधला तो श्वास जातो. जमल्यास ‘ग्रेट गिग’ संपल्यावर स्वतः थांबवा आणि पाणी पिऊन या.

कोणती आवृत्ती घ्यावी? वॉटर्सची नवी कशी आहे?

साधी, मूळ स्टीरिओ. वर्धापनदिनाच्या जाडजूड पेट्या निघत असतात, त्या संग्रह करणाऱ्यांसाठी. वॉटर्सनं २०२३ मध्ये सगळा अल्बम जुन्या सोबत्यांशिवाय नव्यानं केला: गिटारचे एकल भाग नाहीत, त्या जागी म्हाताऱ्या खर्जातलं बोलणं. मूळ अल्बम तिशीच्या उंबऱ्यावरच्या चौघांचा आणि हा ऐंशीच्या उंबऱ्यावरच्या एकाचा, एवढं लक्षात ठेवून एकदा ऐका. मी दुसऱ्यांदा लावला नाही.

घरचे वैतागतात. काय करू?

हेडफोन लावा. नसतील तर ‘ऑन द रन’ संपत आलं, स्फोटासारखा आवाज झाला, की आवाजाची चकती थेट खाली आणा. पुढची सगळी घड्याळं एकदम वाजतात. आमच्याकडे एकदा दुपारी झोपलेली आजी उठून बसली होती आणि दूध उतू गेलं का ते बघायला स्वयंपाकघरात गेली होती.